शेतकरी, पल्पर आणि क्युअरिंग वर्क्स: चांगली कॉफी कशी घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचं कॉफी भाजण्याचं छोटं काम आहे. माल कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूच्या (कूर्गच्या) बागांतून येतो. चव घ्यायला येणारे ग्राहक, कॅफे चालवणारे आणि अधूनमधून मुळशी-भोरकडचे शेतकरी आम्हाला जे विचारत असतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत.

कॉफी भाजता तुम्ही. मग दर्जा शेतावर ठरतो असं का सांगता?

भाजताना चव खुलते, पण दाण्यात मुळात नसलेली चव भाजून येत नाही. कच्च्या दाण्याला बुरशीचा वास लागला असेल तर आमचं कुठलंही मशीन तो काढू शकत नाही. फार तर गडद भाजून झाकता येतो, आणि तशी कॉफी कडू लागते.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. त्यांतल्या अरेबिकाच्या साधारण ६ किलो पिकलेल्या फळांतून १ किलो कच्चा दाणा निघतो. भाजताना आणखी १५ टक्क्यांच्या आसपास वजन जातं. म्हणजे तुम्ही घरी नेता त्या पाव किलोच्या पिशवीमागे जवळपास पावणेदोन किलो फळं कुणीतरी हाताने तोडलेली असतात. ती किती पिकलेली होती आणि तोडल्यावर किती वेळ पोत्यात पडून राहिली, यावर तुमच्या कपातलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं.

कॉफीची मिल म्हणजे नेमकं काय?

दोन मिल असतात. पहिली ओली, बागेत किंवा बागेच्या जवळ. तिथे लाल फळ पल्परमध्ये सोलतात, दाण्याला चिकटलेला चिकटा काढतात, धुतात आणि यार्डवर वाळवतात. वाळलेल्या दाण्यावर फिकट पिवळं टरफल असतं. या मालाला पार्चमेंट म्हणतात. फळ न सोलता अख्खं वाळवलं तर तो माल ‘चेरी’.

दुसरी कोरडी मिल, म्हणजे क्युअरिंग वर्क्स. चिकमगळूर, हासन, कुशालनगर, मंगळुरू या भागात ती आहेत. तिथे टरफल काढून दाणा आकार, वजन आणि रंगानुसार निवडतात.

मोठ्या बागायतदाराकडे स्वतःचा पल्पर आणि यार्ड असतं, क्युअरिंग मात्र बहुतेकांना बाहेरून करून घ्यावं लागतं. लहान शेतकऱ्याकडे पल्परही नसतो. तो एकतर ताजं फळ विकतो किंवा अंगणात चेरी वाळवतो. त्यामुळे त्याच्या मालाचं पुढे काय होणार, हे मिलशी त्याचे संबंध कसे आहेत यावर फार अवलंबून असतं.

तोडणीत एवढं काय आहे? लाल झालं की तोडायचं, नाही का?

एका फांदीवरची फळं एकदम लाल होत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस पडतो. तो तुकड्यातुकड्याने आला की फुलंही तशीच येतात, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत अरेबिकाची फळं मागेपुढे पिकतात. एकाच झाडाकडे तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात.

आता मजुरीचं बघा. हंगामात मजुरी बहुधा किलोवर असते. किलोवर पैसे मिळणार असतील तर माणूस फांदी ओरबाडणारच, त्यात त्याचा काय दोष? वेचून तोडायचं म्हटलं की दिवसाला किलो कमी भरतात. मिलने लाल फळाला जादा दर दिला आणि ते पैसे मालकापाशीच थांबले, तर चार दिवसांत पाटीत पुन्हा हिरवी फळं दिसू लागतात. शेतकरी आणि मिल यांच्यातला दर्जाचा कुठलाही करार तोडणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत पोचायला हवा, असं आमचं ठाम मत आहे. आम्ही ज्यांच्याकडून माल घेतो त्यांना हा प्रश्न भावाच्याही आधी विचारतो.

मिलच्या दारातली तपासणी साधी असते. पोतं ताडपत्रीवर ओततात, मधून शंभर फळं उचलतात आणि लाल, अर्धवट पिकलेली, हिरवी, झाडावरच सुकलेली असे ढीग करतात. मग सगळं फळ पाण्याच्या हौदात. तरंगतं ते पोकळ किंवा किडकं, ते बाजूला. काही ठिकाणी गराची गोडी रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. नारायणगावच्या द्राक्ष बागायतदारांकडे असतं तेच यंत्र. केनियाच्या सहकारी केंद्रांवर तर फळ काट्यावर चढण्याआधी शेतकरी स्वतः ताडपत्रीवर बसून निवड करतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मोजणी झाली की वाद निम्मे होतात.

हिरवं फळ पुढे कुठे सापडतं माहीत आहे? आमच्या इथे, भाजलेल्या कॉफीच्या ट्रेमध्ये. सगळे दाणे तपकिरी झालेले असतात आणि मध्येच काही फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे. त्यांना क्वेकर म्हणतात. कच्च्या फळात साखर भरलेली नसते, म्हणून तो दाणा भाजला तरी रंगत नाही. चावून पाहिला तर कागदासारखा लागतो. आम्ही ते हाताने वेचतो आणि कुठल्या लॉटमध्ये, म्हणजे एकत्र तयार केलेल्या मालाच्या गटात, किती निघाले ते बागेला कळवतो.

तोडलेलं फळ किती तासांत पल्परमध्ये जायला हवं?

त्याच दिवशी. पोत्यात दाबून ठेवलेलं फळ आतून तापतं आणि कुठेही, कसंही आंबायला लागतं. त्याचा आंबूस वास दाण्यात उतरतो. म्हणून इथे शेतकरी आणि मिलचं जमलेलं असावं लागतं. उद्या किती फळ येईल हे शेतकऱ्याने आदल्या दिवशी सांगायचं, मिलने संध्याकाळी ठरलेल्या वेळी गाडी पाठवायची आणि रात्री उशीर झाला तरी पल्पर चालवायचा.

पल्परचीही एक गोष्ट आहे. ड्रम आणि पट्टी यांच्यातली फट फळाच्या आकाराप्रमाणे बदलावी लागते. फट लहान राहिली तर दाणा चिरतो, मोठी राहिली तर फळ न सोलताच बाहेर पडतं. चांगला मिस्त्री पहिल्या काही मिनिटांतच खाली पडणारे दाणे हातात घेऊन बघतो. चिरलेल्या दाण्याच्या कडा पुढे काळ्या पडतात, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या खात्यावर लागतं, चूक मिलची असली तरी.

फर्मेंटेशन किती तास करतात?

फर्मेंटेशन म्हणजे चिकटा सुटावा म्हणून सोललेला दाणा टाकीत आंबवणं. साधारण १२ ते ३६ तास, पण घड्याळावर विसंबून चालत नाही. डिसेंबरात चिकमगळूरच्या डोंगरात रात्री थंडी असते, तिथे वेळ लागतो. खाली उबदार ठिकाणी लवकर होतं. जुनी माणसं टाकीत हात घालून मूठभर दाणे धुतात आणि तळव्यात चोळतात. बुळबुळीतपणा जाऊन खडीसारखा खरखरीत स्पर्श लागला की झालं. काही जण आता पीएच मीटर वापरतात. दोन्ही वापरावं, आणि टाकी भरल्याची वेळ, सोडल्याची वेळ आणि तापमान वहीत लिहावं. कपात एखाद्या लॉटला विचित्र वास आला, तर ती वही उघडूनच कारण सापडतं.

वाळवण्यात कसली आलीये करामत? ऊन तर फुकट आहे.

सर्वात जास्त माल इथेच बिघडतो. धुतलेला दाणा अर्धा पाणी असतो, तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत आणायचा असतो. पार्चमेंटला त्यासाठी आठ-दहा दिवस लागतात, अख्ख्या चेरीला दोन-तीन आठवडे. घाई केली की टरफल तडकतं आणि दाणा वरून वाळतो, आत ओला राहतो. रेंगाळलं की बुरशी. पातळ थर, दिवसातून अनेकदा खालीवर करणं, भर दुपारी सावली, रात्री दव पडू नये म्हणून झाकण, हे सगळं माणसांनी करायचं काम आहे. तोडणीच्या काळात अवकाळी पाऊस आला की यार्डवर जी धावपळ होते, ती कांदा उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको.

बागांमध्ये माल वाळला की नाही हे ठरवायची जुनी पद्धत म्हणजे ४० लिटरचं माप भरून रोज वजन करणं. वजन स्थिरावलं की माल तयार. मिलकडे मॉइश्चर मीटर असतो. शेतकरी म्हणतो साडेदहा, मिल म्हणते साडेबारा आणि वजनात घट लावते. हे भांडण जुनं आहे. मीटर दोघांनी हंगामाच्या सुरुवातीला एकाच नमुन्यावर तपासून घ्यावा आणि मालाची गाडी निघण्याआधी यार्डवरच नोंद करावी. ओला माल गाडीत भरला की तो मिलच्या गोदामात बिघडतो आणि मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

क्युअरिंग वर्क्समधून शेतकऱ्याला काय कळतं?

आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे.

क्युअरिंग वर्क्समध्ये पार्चमेंट सोलतात. साधारण १०० किलोतून ८० किलोच्या आसपास दाणा निघतो. मग चाळण्या, मग हलका-जड वेगळा करणारं टेबल, मग रंग ओळखणारं सॉर्टर, आणि शेवटी पट्ट्यासमोर बसलेल्या बायका हाताने वाईट दाणे वेचतात. याला तिथे गार्बलिंग म्हणतात. शेवटी कागद निघतो: प्लँटेशन ए, बी, सी या प्रतींचा माल किती, पीबेरी (फळात एकटाच वाढलेला गोल दाणा) किती, तुकडे किती, काळे किती.

बहुतेकदा शेतकरी त्या कागदावर फक्त एकूण वजन आणि रक्कम बघतो. त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. खरं तर प्रत्येक ओळ बागेतल्या एका कामाकडे बोट दाखवत असते. तुकडे जास्त असतील तर माल जास्त वाळला किंवा हलरचा, म्हणजे टरफल काढणाऱ्या यंत्राचा, दाब चुकला. चिरलेले दाणे असतील तर पल्परची फट. टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतील तर बेरी बोरर ही फळ पोखरणारी कीड, म्हणजे गेल्या हंगामात झाडावर आणि जमिनीवर राहिलेली फळं नीट गोळा केली नाहीत. रुपेरी साल घट्ट चिकटलेले, होडीसारखे वाकलेले दाणे म्हणजे हिरवी तोडणी. ठिपक्याठिपक्यांचा रंग म्हणजे असमान वाळवण. दाणा हलका आणि बारीक येत असेल तर प्रश्न पावसाचा, खताचा किंवा झाडावर पडलेल्या जास्त भाराचा.

हा कागद हंगाम संपल्यावर मे महिन्यात मिळाला तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षी. पहिल्या फेरीतल्या थोड्या मालाचं नमुना क्युअरिंग करून आठवड्यात कळवलं तर उरलेल्या तोडणीत सुधारणा होते. आम्ही ज्या बागांशी बांधून घेतलं आहे तिथे याच गोष्टीने सर्वात जास्त फरक पडलेला पाहिला आहे. नवीन यंत्रसामग्रीपेक्षाही.

आणि भाव? चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही का?

नेहमी नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात निर्यात बंद पडली तेव्हा १९४२ च्या कॉफी कायद्याने बागायतदारांचा माल कॉफी बोर्ड या सरकारी संस्थेच्या सामाईक साठ्यात जमा होऊ लागला. बोर्ड विकायचं आणि पैसे हप्त्यांनी द्यायचं. त्या काळात या व्यवस्थेने अनेक बागायतदारांना तारलं, हे मान्य करायला हवं. पण प्रतवारीचे पैसे मिळाले तरी बागेचं नाव साठ्यात विरघळून जायचं. कुठल्या डोंगरावरची कॉफी कशी लागते हे विचारणारं कुणी नव्हतं. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ पासून बागायतदाराला आपला सगळा माल स्वतः विकता येऊ लागला. बागेच्या नावाने कॉफी विकत घेणं आपल्याकडे त्यानंतरचं.

आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावर काय होतं ते आठवा. किटली ओतली, फॅट लागलं, पावतीवर आकडा आला, त्याप्रमाणे भाव. शेतकऱ्याला तिथल्या तिथे कळतं की आज कमी का मिळाले. कॉफीत हा निरोप महिनोन्‌महिने उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही.

काही देशांनी हे नियमांत बसवलं आहे. कोस्टा रिकात १९६१ च्या कायद्यानुसार मिल शेतकऱ्याला आधी उचल देते, विक्री झाल्यावर अंतिम दर चुकता करते, आणि मिलच्या नफ्याला ९ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण दोघांत लेखी ठरवता येतं: त्या दिवसाच्या बाजारभावावर पहिली रक्कम, आणि कपिंगचा (चव तपासणीचा) निकाल व ग्राहकाने दिलेली किंमत पाहून दुसरी. दुसरी रक्कम वेळेवर मिळाली की पुढच्या हंगामात फोन शेतकऱ्याकडूनच येतो.

कपिंगचे ८० गुण म्हणजे काय?

ठरलेल्या मापाने दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतून, चार मिनिटांनी वरचा थर मोडून, चमच्याने चव घेत १०० पैकी गुण देतात. ८० आणि त्यावर म्हणजे स्पेशल्टी, वरच्या दर्जाची कॉफी. गुणांपेक्षा शेरा महत्त्वाचा. आणि टेबलाभोवती बागायतदार आणि मिलचा माणूस हजर असेल तर आणखी चांगलं. आपलीच दोन पोती, एक त्याच दिवशी पल्प केलेलं आणि एक रात्रभर पडून राहिलेलं, शेजारी शेजारी चाखल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नॅचरल, हनी, अ‍ॅनारोबिक असे प्रयोग शेतकऱ्याने करावेत का?

नॅचरल म्हणजे फळ अख्खं वाळवणं, हनी म्हणजे चिकटा ठेवून दाणा वाळवणं आणि अ‍ॅनारोबिक म्हणजे हवाबंद टाकीत आंबवणं. करावेत, पण स्वच्छ धुतलेला लॉट सलग जमायला लागल्यावर. बंद टाकीत फळ आंबवायचं तर ते आधी निवडलेलंच असावं लागतं. खराब फळावर प्रयोग केला की दोष आणखी जोरात बोलतो. दुसरा मुद्दा धोक्याचा. प्रयोग फसला तर नुकसान कुणाचं? आम्ही एखाद्या बागेला नवी पद्धत करायला सांगतो तेव्हा तेवढा माल ठरलेल्या किमान दराने घेण्याचं आधीच कबूल करतो. कॅफेत नवलाई हवी म्हणून शेतकऱ्याने वर्षाची कमाई पणाला लावावी, हे आम्हाला पटत नाही.

हे सगळं रोबस्टालाही लागू आहे?

आहे. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टाच जास्त पिकतो. त्याचा चिकटा दाट, काढायला जड, म्हणून बहुतेक माल चेरी म्हणूनच वाळवतात. जे कष्ट घेऊन पार्चमेंट करतात त्यांच्या मालातून रोबस्टा कापी रॉयलसारखी वरची प्रत तयार होते.

छोटे लॉट वेगळे ठेवायला मिल टाळाटाळ का करते?

कारण त्यात मिलचा वेळ जातो. हलर, चाळण्या, सॉर्टर यांच्या कानाकोपऱ्यात आधीचे दाणे उरतात. दहा पोत्यांच्या लॉटसाठी सगळी साखळी थांबवून साफ करायची म्हणजे शंभर पोत्यांचं काम मागे पडतं. एका हंगामात आमच्या मालात दुसऱ्याच बागेचे दाणे मिसळून आले होते. बागायतदाराने वर्षभर घेतलेली मेहनत तिथे वाया गेली. तेव्हापासून आम्ही लहान लॉटसाठी मिलला वेगळं शुल्क देतो आणि आठवड्याची सुरुवात मागतो, यंत्रं स्वच्छ असतात तेव्हा. मिलचा खर्च कुणीतरी भरला पाहिजे. तो शेतकऱ्याच्या माथी मारू नये.

अगदी लहान शेतकऱ्यांनी काय करायचं?

एकत्र यायचं. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या छोट्या बागा आहेत. त्यांतल्या अनेकांचं फळ गोळा करून मध्यवर्ती केंद्रात प्रक्रिया होते, म्हणून एकसारखा माल तयार होतो. २०१९ मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टालाही मिळालं. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना ही घडी ओळखीची वाटेल. यश अवलंबून असतं ते दारात होणाऱ्या निवडीवर. शेजाऱ्याचं हिरवं फळ परत पाठवायची हिंमत गटात असावी लागते.

बाजारभाव चढला की दर्जाही सुधारत असेल ना?

उलट होताना दिसतं. २०२५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पाउंडाला ४ डॉलरचा टप्पा ओलांडून विक्रम केला. अशा वेळी व्यापारी दारात येऊन जसा असेल तसा माल उचलतो. वेचून तोडायची, यार्डवर राबायची गरज काय, असं शेतकऱ्याला वाटलं तर त्याचं चुकत नाही. चोरीच्या भीतीने फळ लवकर उतरवणारेही असतात. बरीच वर्षं मंदी सोसलेल्या माणसाला मिळालेला भाव आम्हाला मोलाचा वाटतो. मंदीतही ज्या खरेदीदारांनी जादा दर पाळला, त्यांनाच तेजीत चांगला माल मिळतो.

महाराष्ट्रात कॉफी होते का? मुळशीत लावू का?

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला होते. पुण्याच्या पश्चिमेला पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची, दाट सावली आणि मार्च-एप्रिलमधला फुलोऱ्याचा पाऊस लागतो. हौसेने परसात चार झाडं जरूर लावा. धंदा म्हणून लावण्याआधी स्वतःला एकच विचारा: फळ त्याच संध्याकाळी सोलणारा पल्पर आणि नंतरचं क्युअरिंग कुठे करणार? चिकमगळूरपर्यंत ताजं फळ पोचत नाही.

पिशवीवर काय बघून घ्यावं?

बाग किंवा गाव, जात, प्रक्रिया आणि हंगामाचं वर्ष. एस. ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी अशी जातीची नावं दिसतील. ‘प्लँटेशन ए’ किंवा ‘एए’ ही दाण्याच्या आकाराची प्रत आहे, तेवढ्यावर चवीचा अंदाज बांधू नका. क्युअरिंग कुठे झालं हे क्वचितच कुणी छापतं. विचारलंत तर भाजणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

पावसाळ्यात पुण्यात कच्चा माल टिकतो का?

साध्या तागाच्या पोत्यात नाही. दाणा हवेतली ओल ओढतो, फिका पडतो आणि पोत्याचा वास धरतो. मान्सून्ड मलबार या खास कॉफीसाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत चेरी मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवतात, पण ती वेगळीच कला आहे आणि तिला २००८ चं भौगोलिक मानांकन आहे. धुतलेल्या कॉफीचं तसं झालं तर नुकसानच. आम्ही मिलला सांगतो की पार्चमेंट आमची मागणी जाईपर्यंत सोलू नका, टरफलात दाणा सुरक्षित राहतो. सोललेला माल आतून हवाबंद पिशवी असलेल्या पोत्यातच मागवतो. गाडी आली की प्रत्येक लॉटची ओल मोजून आकडा त्याच दिवशी मिलला आणि बागायतदाराला, दोघांनाही पाठवतो.